कोरडी त्वचा, इसब आणि फिलॅग्रिन जीन: नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ओपीडीत आलेल्या पालकांचे आणि रुग्णांचे आहेत. काही त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. उत्तरं सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. औषध ठरवायचं तर त्वचा डोळ्यांनी पाहावी लागते, ते काम हे पान करू शकत नाही.

फिलॅग्रिन म्हणजे काय?

त्वचेच्या वरच्या थरात तयार होणारं एक प्रथिन. त्याची कामं दोन, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी होतात.

त्वचेच्या पेशी खालून वर सरकत येतात. वरच्या थरापाशी पोचताना त्यांच्यात बारीक कण दिसू लागतात. त्या कणांत प्रोफिलॅग्रिन नावाचं एक लांबलचक प्रथिन साठवलेलं असतं. पेशी आणखी वर आली की त्याचे तुकडे होतात आणि फिलॅग्रिन मोकळं होतं. ते पेशीतल्या केराटिनच्या धाग्यांना एकत्र ओढून घट्ट बांधतं. पेशी त्यामुळे चपटी होते आणि मरते. अशा चपट्या पेशी घरावरच्या कवेलूंसारख्या एकमेकींवर चढून बसतात, आणि बाहेरचं आत, आतलं बाहेर सहजासहजी जात नाही. हे झालं पहिलं काम.

दुसरं काम फिलॅग्रिन स्वतः मोडल्यावर सुरू होतं. वरच्या थरात त्याचे आणखी बारीक तुकडे होऊन अमिनो आम्लं आणि त्यांच्यापासून बनणारे पदार्थ तयार होतात. त्यांतले महत्त्वाचे दोन म्हणजे पायरोलिडोन कार्बोक्सिलिक आम्ल आणि युरोकॅनिक आम्ल. हे पदार्थ पाणी धरून ठेवतात आणि त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी राखतात. ‘त्वचेतला नैसर्गिक ओलावा’ म्हणतात तो बराचसा इथून येतो. बाहेरून लावायचं मॉइश्चरायझर याच्या बदल्यात असतं, हे लक्षात राहिलं तर पुढची बरीच उत्तरं आपोआप समजतील.

जीन बिघडतो म्हणजे नेमकं काय होतं?

फिलॅग्रिनचा आराखडा ज्यात असतो तो एफएलजी हा जीन पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. त्याचा तिसरा भाग अवाढव्य आहे. त्यात फिलॅग्रिनचा आराखडा एकामागून एक दहा, अकरा किंवा बारा वेळा लिहिलेला असतो. म्हणजे बिघाड नसलेल्या माणसांतही कोणाकडे फिलॅग्रिन थोडं कमी, कोणाकडे थोडं जास्त. दहा आवृत्त्यांवाल्यांची त्वचा बारावाल्यांपेक्षा जराशी कोरडी असण्याकडे कल असतो.

बिघाड म्हणजे या आराखड्यात मध्येच ‘थांबा’ अशी खूण येणं. पेशी तिथेच थांबते आणि त्या प्रतीकडून पूर्ण प्रथिन तयार होत नाही.

हे शोधलं कोणी?

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात आयर्विन मॅक्लीन यांच्या गटाने २००६ मध्ये. आधी त्यांनी दाखवलं की इक्थायोसिस व्हल्गॅरिस, म्हणजे पायांवर माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणारा आनुवंशिक आजार, या जीनच्या बिघाडामुळे होतो. त्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हेच बिघाड असलेल्यांना अॅटोपिक डर्मटायटिस, म्हणजे लहानपणी होणारा इसब, होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

त्याआधी इसबाचं मूळ शोधायचं म्हणजे रक्तातली अॅलर्जी शोधायची, अशीच रीत होती. या शोधाने गाडी उलट्या बाजूने बघायला लावली: आधी त्वचा गळकी, मग त्या फटींतून शिरलेल्या गोष्टींविरुद्ध शरीराचा संताप. माझ्या मते गेल्या काही दशकांत त्वचारोगशास्त्रात झालेला हा सर्वांत उपयोगी बदल आहे. पालकांना ‘मॉइश्चरायझर हेच औषध आहे’ असं आम्ही ठामपणे सांगू शकतो ते त्यामुळेच.

एक प्रत बिघडली आणि दोन्ही बिघडल्या, यात फरक काय?

विदर्भात हे समजावणं सोपं जातं, कारण सिकलसेलची ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही भाषा घराघरांत पोचली आहे. प्रत्येक जीनच्या दोन प्रती: एक आईकडून, एक वडिलांकडून. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात एएस, म्हणजे एकच प्रत बिघडलेल्या व्यक्तीला सहसा काही त्रास होत नाही; एसएस, म्हणजे दोन्ही बिघडलेल्याला होतो. फिलॅग्रिनचं गणित असंच आहे, पण पूर्ण तसंच नाही. इथे एक प्रत बिघडलेल्यालाही थोडाफार परिणाम जाणवू शकतो: नडगीची त्वचा खरखरीत, तळहातावर जास्तीच्या रेषा, हिवाळ्यात खाज. कोणाला काहीच नाही. दोन्ही प्रती बिघडल्या तर खवले ठळक दिसतात आणि इसबाची शक्यता खूप वाढते.

आणखी एक फरक. सिकलसेलमध्ये एसएस असणं म्हणजे आजार असणं. फिलॅग्रिनमध्ये एक प्रत बिघडलेल्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना आयुष्यात कधीच इसब होत नाही.

“माझ्या मुलीला इसब आहे, म्हणजे तिचा जीन खराबच ना?”

नाही. इसब असलेल्या बहुतेक मुलांमध्ये हा बिघाड सापडत नाही, युरोपातसुद्धा.

पण फिलॅग्रिन मात्र त्यांच्याही त्वचेत कमी असू शकतं. इसबाची जळजळ चालू असताना शरीर इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ नावाचे संदेश सोडतं. हे संदेश धडधाकट जीनलाही गप्प करतात. जीन चांगला, प्रथिन तरी कमी. म्हणून खाज आणि लाली वेळेत आटोक्यात आणणं हाही त्वचेचं कवच दुरुस्त करण्याचाच भाग आहे. नुसतं क्रीम चोपडत राहून चालत नाही, आणि नुसती खाजेची गोळी देऊनही चालत नाही.

भारतातही हेच बिघाड आढळतात का?

जीन तोच, बिघाडाच्या जागा वेगळ्या. युरोपात दहा जणांमागे सुमारे एकाकडे एक बिघडलेली प्रत असते, आणि त्यातले दोन बिघाड फार सर्रास आहेत. पूर्व आशियात हे दोन जवळपास दिसत नाहीत, तिथले वेगळे आहेत. आपल्याकडच्या रुग्णांत फक्त युरोपातले दोन बिघाड तपासून ‘जीन नॉर्मल’ असा शेरा आला तर त्यावर विसंबू नका.

घरच्या घरी काही अंदाज येतो का?

थोडाफार. तळहात उजेडात धरा. अंगठ्याखालच्या उंचवट्यावर बारीक, खोल, आडव्याउभ्या रेषांचं जाळं दिसतं का? मग नडग्या पाहा: पातळ, चौकोनी, कडा उचललेले खवले, आणि गुडघ्यामागची खोबण मात्र मऊ. दंडाच्या मागच्या बाजूला हात फिरवला तर किसणीसारखे बारीक खडे लागतात का? तिन्ही गोष्टी असतील आणि घरात आणखी कोणाला तसंच असेल तर संशय बळावतो.

नडग्या नुसत्या डिसेंबर-जानेवारीत पांढुरक्या पडत असतील तर मात्र जीनला दोष देऊ नका. तेवढं नागपुरात अर्ध्या गावाचं होतं.

जीनची टेस्ट करून घ्यावी का?

बहुतेकांनी नाही. खर्च होतो आणि उपचार बदलत नाहीत. शिवाय हा जीन वाचायला किचकट आहे, कारण एकच मजकूर दहा-बारा वेळा जवळपास तसाच येतो आणि कोणता तुकडा कुठला हे प्रयोगशाळेलाही नीट लावून घ्यावं लागतं. बाळ जन्मतःच चकचकीत पापुद्र्यात गुंडाळल्यासारखं असेल, खवले जाड आणि काळपट असतील, सांधे किंवा डोळ्यांच्या पापण्या ओढल्या जात असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे फिलॅग्रिन नव्हे, इतर जीनचा संशय असतो आणि जनुकीय तपासणी खरोखर उपयोगी पडते.

“उन्हाळ्यात आमच्या पोराला बरं वाटते, मग मे महिन्यात अचानक का बिघडून राह्यलं?”

नागपूरच्या हवेचा हा खास प्रश्न, म्हणून सविस्तर.

फिलॅग्रिनचे तुकडे होऊन ओलावा धरणारे पदार्थ तयार होणं हे हवेतल्या दमटपणावर अवलंबून असतं. बाळ गर्भात पाण्यात असतं तेव्हा ही प्रक्रिया थंड असते. जन्मानंतर कोरडी हवा लागली की ती सुरू होते. उंदरांवरच्या प्रयोगांत हे १९८०च्या दशकातच दिसलं होतं. म्हणजे हवा कोरडी झाली की निरोगी त्वचा आपला साठा मोडून ओलावा तयार करते. ज्याच्याकडे मुळातच साठा कमी, त्याने मोडायचं काय?

पुस्तकात लिहिलेलं असतं की हा त्रास हिवाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात कमी होतो. ते वर्णन थंड देशांतल्या दमट, सौम्य उन्हाळ्याचं आहे. आपला उन्हाळा तसला नाही. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. मार्चपासून दुपारची हवा कडकडीत कोरडी असते, वरून गरम वारा. मार्च-एप्रिलपर्यंत सकाळी थोडा घाम, थोडी ऊब, त्यामुळे हिवाळ्यातले खवले निघून जातात आणि घरच्यांना वाटतं, गेलं एकदाचं. क्रीम बंद होतं. मग मे महिन्यात दुहेरी मार: हवा कोरडी, आणि घाम आला की तो ओरखडलेल्या त्वचेवर चुरचुरतो. खाजवणं सुरू, आणि कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीतला इसब पुन्हा लाल. क्रीम बंद करण्याची वेळ चुकली, एवढंच झालेलं असतं.

कुलर का एसी? त्वचेपुरतं विचाराल तर कुलर. तो हवा ओली करतो, एसी ती आणखी कोरडी करतो. मात्र टाकीतलं पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून टाकी कोरडी करा. डेंग्यूच्या डासांसाठी हे करायचंच असतं. वाळ्याच्या ताट्यांना बुरशी धरली असेल तर दमा असलेल्या मुलाच्या खोलीत तो कुलर नको. एसीच वापरायचा असेल तर झोपण्यापूर्वी क्रीमचा एक हात जास्त द्या.

पावसाळा हा खवलेवाल्यांचा सुगीचा काळ. इसबवाल्यांना मात्र घाम आणि ओल्या कपड्यांचा त्रास होतो, आणि याच दिवसांत जांघेत नायटा होतो. नायटा वेगळा, इसब वेगळा. पुढे ट्यूबच्या प्रश्नात ते येईल.

हिवाळ्यात शेकोटीला पाय लावून बसणं आणि बादलीभर कढत पाण्याने आंघोळ, या दोन गोष्टी सोडल्या तर निम्मं काम होतं.

बोअरचं पाणी आणि नळाचं पाणी, फरक पडतो का?

पडतो, थोडा. पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी वस्त्यांमधल्या बोअरपेक्षा साधारणपणे कमी जड असतं. जड पाण्यात साबणाचा अंश त्वचेवर चिकटून राहतो, नीट धुतला जात नाही, आणि फिलॅग्रिन कमी असलेल्या त्वचेला तो जास्त झोंबतो. म्हणून दोन्ही पाणी येत असेल तर बाळाच्या आंघोळीला नळाचं ठेवा.

पण त्यासाठी पाणी मऊ करायचं महागडं यंत्र बसवू नका. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर हा प्रयोग झाला, २०११ मध्ये निकाल आला. यंत्र बसवलेल्या घरांतल्या मुलांना वेगळा फायदा झाला नाही. साबण कमी करणं फुकट आहे, आणि उपयोगी आहे.

बेसन-हळद, संत्र्याच्या सालीची पूड, मुलतानी माती चालेल का?

निरोगी त्वचेला चालेल, इसबाला नाही. संत्र्याचं गाव असल्यामुळे सालीची पूड इथे घरोघरी वाळत असते, पण सालीतल्या तेलाने आणि दाणेदारपणाने ओरखडलेली त्वचा आणखी भडकते. बेसन तेल शोषून घेतं. ज्याच्याकडे मुळात कमी आहे त्याचंच काढून घेणं झालं. चोळणं तर सगळ्यांत वाईट.

साबणाबद्दल: त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, आम्लता तितकी जास्त) पाचाच्या आसपास, वडीच्या साबणाचा बहुधा नऊ ते दहा. आम्लता गेली की कवच मोडणारी विकरं जास्त काम करतात आणि स्टॅफिलोकोकस नावाचा जीवाणू फोफावतो. काख, जांघा, पाय एवढ्यालाच साबण पुरे. बाकीच्या अंगाला नुसतं कोमट पाणी. घरातल्या मोठ्यांना हे पटत नाही, “फेस नाही तर आंघोळ कसली” म्हणतात. पटवावं लागतं.

तेल लावावं की क्रीम?

तेलाने त्वचेवर थर बसतो आणि आतलं पाणी उडून जाणं कमी होतं. पण फिलॅग्रिनच्या तुकड्यांनी केलं असतं ते काम, म्हणजे पाणी धरून ठेवणं, तेल करत नाही. त्यासाठी ग्लिसरीन, युरिया, लॅक्टिक आम्ल अशा गोष्टी लागतात, आणि त्या क्रीममध्ये असतात. म्हणून खवलेवाल्यांना निव्वळ तेल पुरत नाही.

तेलातलं तेल निवडायचं तर खोबरेल. फिलिपिन्समध्ये सौम्य ते मध्यम इसब असलेल्या मुलांवर त्याचा अभ्यास झाला, २०१४ मध्ये तो छापून आला. खनिज तेलापेक्षा खोबरेल सरस ठरलं. मोहरीचं तेल नको, ते झोंबतं. ऑलिव्ह तेल नको, हे ऐकून लोकांना धक्का बसतो, कारण बाळंतविड्यात हौसेने तीच बाटली येते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ऑलिव्ह तेलाने निरोगी मोठ्या माणसांच्या त्वचेचं कवचसुद्धा कमकुवत झालेलं दिसलं. बाळाची मालीश आंघोळीच्या आधी करून मग साबणाने ते तेल उतरवणं ही आपली पद्धत आहे. उलटं करा: आंघोळ आधी, तेल किंवा क्रीम नंतर.

पैशांचा प्रश्न असेल तर साधं पांढरं पेट्रोलियम जेली घ्या. सुगंध नाही, रंग नाही, अॅलर्जी जवळपास नाही, आणि कवच राखण्यात महागड्या डब्यांच्या तोडीस तोड. मे महिन्यात मात्र चिकट होतं आणि मुलं कुरकुरतात. तेव्हा दिवसा पातळ लोशन, रात्री जेली.

किती आणि कधी लावायचं?

तुम्ही लावता त्यापेक्षा बरंच जास्त. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत इसबवाल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लिहिलं आहे. आपल्याकडे ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग म्हणतात, क्रीमने फरक नाही.

आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपा, टॉवेलने टिपा, घासू नका, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावा. केसांच्या दिशेने, खाली ओढत. दिवसातून दोनदा. युरियाचं क्रीम मोठ्यांच्या नडग्यांवर आणि टाचांवर फार छान काम करतं, पण ओरखडलेल्या जागी आणि तान्ह्या बाळाला नको, झोंबतं.

“मेडिकल स्टोअरवाल्याने ट्यूब दिली, दोन दिवसांत साफ झालं. मग डॉक्टरकडे कशाला?”

कारण तिसऱ्या आठवड्यात तुम्ही येताच, आणि तेव्हा काम दुप्पट झालेलं असतं.

त्या ट्यूबमध्ये बहुधा तीन-चार औषधं एकत्र असतात: एक जोरदार स्टेरॉइड, एक बुरशीचं, एक जीवाणूचं. खाज स्टेरॉइडमुळे थांबते, म्हणून वाटतं रोग गेला. नायटा असेल तर बुरशी आतल्या आत पसरते आणि तिचा आकारच बदलतो, मग आम्हालाही ओळखायला वेळ लागतो. इसब असेल तर ट्यूब बंद केल्यावर दामदुप्पट उसळतो. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ, लाल, केस आणि पुरळ; गोरं होण्यासाठी लावणाऱ्या मुली याच वाटेने येतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. इतवारीपासून थेट खेड्यापर्यंत ती तरीही हातोहात मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

फिलॅग्रिन कमी असलेल्या त्वचेतून औषध जास्त आत शिरतं, म्हणून या मुलांना अशा ट्यूबचा धोका इतरांपेक्षा मोठा.

म्हणजे स्टेरॉइड वाईटच?

नाही, आणि ही भीतीही तितकीच नुकसान करते. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरलेले दिवस लावलेलं स्टेरॉइड मलम हे इसबाच्या भडक्यावरचं पहिलं औषध आहे. माप सोपं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ येते ते साधारण अर्धा ग्रॅम, तेवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चेहरा आणि जांघा अशा नाजूक जागी आम्ही बरेचदा टॅक्रोलिमस देतो. ते स्टेरॉइड नाही, त्वचा पातळ करत नाही. पहिले काही दिवस जळजळ होते, मग सवय होते.

“रक्त खराब आहे, रक्त साफ करायचं औषध द्या.”

रक्त ठीक आहे. कमतरता त्वचेच्या सर्वांत वरच्या, एका केसाहूनही पातळ थरात आहे. रक्तशुद्धीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत आणि काढ्यांत जड धातू आणि चक्क स्टेरॉइड सापडलेले आहेत. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती मुलाच्या पोटात घालू नका.

वांगं, आंबट, शेंगदाणे, अंडी बंद करायची का?

सरसकट नाही. वांगं आणि दही यांनी इसब होत नाही. पथ्य पाळता पाळता वजन न वाढलेली मुलं पाहिली की वाईट वाटतं, कारण त्यांना खाज तेवढीच असते आणि वर अशक्तपणा.

शेंगदाण्याची गोष्ट मात्र खरोखर रंजक आहे. फिलॅग्रिनचा बिघाड असलेल्यांत शेंगदाण्याची अॅलर्जी जास्त आढळते, हे २०११ मध्ये दिसलं. कारण असं मानतात की गळक्या त्वचेतून शेंगदाण्याचा अंश आत गेला तर शरीर त्याला शत्रू समजतं, आणि तोंडावाटे लवकर गेला तर ओळखीचा समजतं. २०१५च्या एका मोठ्या प्रयोगात तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा पदार्थ देणं सुरू केलं, आणि त्यांच्यात ही अॅलर्जी खूपच कमी झाली. म्हणजे इसब आहे म्हणून शेंगदाणा टाळत राहणं उलट अंगावर येऊ शकतं. तीव्र इसब असलेल्या बाळाला पहिल्यांदा देण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. अख्खा दाणा लहान मुलाला कधीच नको, तो श्वासनळीत अडकतो. कूट किंवा पेस्ट.

एखादा पदार्थ खाल्ल्यावर तासाभरात अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, उलटी होत असेल, तर तो पदार्थ बंद करा आणि दाखवा. ती वेगळी गोष्ट.

जन्मल्यापासून क्रीम लावलं तर इसब टळेल का?

असं वाटलं होतं. आम्हा सगळ्यांनाच ती कल्पना फार आवडली होती, कारण फिलॅग्रिनच्या शोधातून ती सरळ निघत होती. २०२० मध्ये ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकत्रच आले: निरोगी बाळांना रोज क्रीम लावून किंवा तेलाची आंघोळ घालून इसब टळला नाही. सुरू झालेल्या इसबावर क्रीम उपयोगी आहे, ते तसंच चालू ठेवायचं.

गालावर पांढरट चट्टे आहेत. कोड? जंत? कॅल्शियम कमी?

तिन्ही नाही, बहुतेक वेळा. कोरड्या त्वचेच्या मुलांत गालावर धूसर कडांचे, किंचित खवलेदार, फिकट चट्टे येतात. उन्हात बाकीचा चेहरा रापला की जास्त उठून दिसतात. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा आणि रेखीव कडेचा असतो. साधं क्रीम आणि काही महिने धीर. जंताचं औषध शाळेत मिळतं ते जरूर घ्या, पण गालासाठी नाही.

हा रोग लागतो का? शाळेत पाठवू?

लागत नाही. पाठवा, आणि वर्गशिक्षकांना एकदा सांगून ठेवा.

पुढे दमा होईल का?

फिलॅग्रिन श्वासनळ्यांच्या अस्तरात तयार होत नाही. तरी हा बिघाड असलेल्या, लहानपणी इसब झालेल्या मुलांत दमा जास्त दिसतो. बिघाड आहे पण इसब कधीच झाला नाही, अशांत तो धोका वाढलेला दिसत नाही. म्हणजे वाट त्वचेतून जाते. दमा होणारच असं मात्र मुळीच नाही.

पुढच्या बाळाला होईल का? आणि मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय, ते?

आईवडिलांपैकी एकाकडे एक बिघडलेली प्रत असेल तर प्रत्येक बाळाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. दोघांकडे एकेक असेल तर दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच बिघाड असण्याची शक्यता वाढते, एवढं खरं.

फिलॅग्रिनसाठी कोणी लग्न मोडू नये. त्रास सांभाळण्याजोगा आहे. पण घराण्यात जन्मतःच पापुद्र्यात आलेलं बाळ असेल तर तो वेगळा, गंभीर इक्थायोसिस असू शकतो, आणि तिथे लग्नाआधी जनुकीय सल्ला घ्यावा. सिकलसेलची तपासणी तर विदर्भात तशीही करून घ्यावीच.

“धुणीभांडी करते, हात फुटून रक्त येते. हे पण जीनमुळे?”

असू शकतं, पण निम्मा दोष भांड्याच्या पावडरचा आणि पाण्याचा. फिलॅग्रिन कमी असेल तर तीच पावडर, तेच सिमेंट, तीच सावजी मसाल्याची मिरची दुसऱ्याच्या हाताला काही करत नाही आणि तुमचा हात फोडते. गवंडीकाम, सलून, हॉटेलचं स्वयंपाकघर, नर्सिंग, सगळीकडे हेच. आत सुती, वर रबरी असे दोन हातमोजे. नुसत्या रबरी मोज्यात घाम साचून वाढतं. काम संपलं की लगेच जेली. लहानपणी इसब झालेल्या मुलाने धंदा निवडताना हे आधीच ध्यानात घेतलं तर चांगलं. चाळिशीत काम बदला असं सांगणं सोपं असतं, घर चालवणाऱ्याला ते जमत नाही.

सोरायसिसचाही हाच जीन का?

नाही. तो वेगळा आजार, त्याचे जीन वेगळे.

हा जीन दुरुस्त करायचं औषध आहे का?

आज नाही. चिकित्सालयात मिळतं ते दुसऱ्या टोकाने काम करतं. डुपिलुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ यांचं काम अडवतं, म्हणजे गप्प केलेल्या जीनचं तोंड मोकळं होतं. अमेरिकेत ते २०१७ मध्ये मंजूर झालं; भारतात मिळतं, महाग आहे. उपाडासिटिनिब, अॅब्रोसिटिनिब यांसारख्या गोळ्या तीव्र इसबावर लवकर परिणाम करतात, पण त्यांच्याआधी क्षयाची आणि रक्ताची तपासणी करावी लागते आणि त्या मनाने सुरू किंवा बंद करायच्या नसतात. थोड्याच रुग्णांना या औषधांची गरज पडते.

ताबडतोब कधी दाखवायचं?

इसबाच्या जागी एकसारख्या आकाराच्या बारीक पुटकुळ्या झपाट्याने पसरत असतील, फुटून खोल टिंबांसारखे व्रण होत असतील आणि सोबत ताप असेल, तर तो नागिणीच्या जवळच्या विषाणूचा, हर्पिसचा, संसर्ग असू शकतो. फिलॅग्रिनचा बिघाड असलेल्यांत तो जास्त होतो. डोळ्याजवळ असेल तर त्याच रात्री. पिवळी खपली, पू, लालसर गरम सूज, मूल निपचित, तरीही तसंच. नागपुरातल्या मेडिकल, मेयो आणि मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. रात्री कॅज्युअल्टीत जा, सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. येताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि पुड्या पिशवीत घालून आणा, रिकाम्या झालेल्यासुद्धा.